पाच तोळे सोनं की तीन शीट प्लाय?

प्रश्न : सर, सांगोला तालुक्यात माझा छोटा साऊंडचा धंदा आहे. १५ इंची चार टॉप (शब्द-गाणं ऐकवणारे बॉक्स), १८ इंची दोन बेस (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचे बॉक्स) आणि दोन मशीन (ॲम्प्लिफायर). २०१८ साली स्वस्तातला, जोडणी केलेला सेट घेतला होता. बॉक्स एमडीएफचे आहेत. यंदा गणपतीत पावसात भिजले आणि खालून फुगले. टॉपमधले दोन हॉर्न (बारीक आवाजाचे भोंगे) बंद पडलेत, एक बेस खरखरतोय. मेकॅनिकनं दुरुस्ती आणि जास्त वॅटचे स्पीकर मिळून ५८,००० सांगितलेत. दुकानदार म्हणतो, ३,८०,००० चा नवा सेट घ्या, ८०,००० आता भरा, बाकीचे ३ लाख तीन वर्षांच्या हप्त्यानं, १२ टक्के फ्लॅट. पत्नीचं पाच तोळे सोनं गहाण ठेवून ८०,००० उभे करायचा विचार आहे. बँकेत अडीअडचणीला ९५,००० आहेत. गेल्या वर्षी ७१ दिवस सेट बाहेर गेला, सरासरी भाडं ३,५००, टेम्पो-पोरं-डिझेलला १,६०० जातात. मंडळांकडं आणि पाहुण्यांकडं ४१,००० उधारी आहे. तीन एकर डाळिंब आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्राबरोबर आलेल्या वहीच्या पानाचा फोटो मी दोनदा वाचला. कुठल्या दिवशी सेट कुठं गेला हे तुम्ही वर्षभर लिहून ठेवलंय, म्हणूनच हे उत्तर देता येतंय.

सगळ्यात आधी पैशांच्या पलीकडची एक गोष्ट. फुगलेल्या बॉक्सचा टॉप स्टँडवर चढवू नका. एक कार्यक्रमसुद्धा नको. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, गोंद घालून दाबलेला फळा. पाणी प्यायलं की तो फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. खालच्या कडेला नख दाबून बघा, ओल्या बिस्किटासारखा चुरा निघेल. स्टँडचा दांडा ज्या तळात बसतो, तोच तळ कुजलाय. सप्ताहात टॉपच्या खाली बायका, म्हातारी माणसं, लहान पोरं बसलेली असतात. नवा बॉक्स तयार होईपर्यंत टॉप टेबलावर ठेवून वाजवा, आवाज थोडा कमी पोचला तरी चालेल.

आता हिशोब. तुम्हाला एका दिवसामागं १,९०० रुपये सुटतात. ७१ दिवसांचे झाले १,३४,९००. नव्या सेटसाठी ३ लाखांवर १२ टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षांचं व्याज १,०८,०००. एकूण ४,०८,०००, महिन्याचा हप्ता ११,३३३, वर्षाचे १,३६,०००. म्हणजे आज साऊंडमधून जे काही सुटतं ते सगळं हप्त्यात जाणार, वर थोडे खिशातले. शिवाय सोन्यावरचं व्याज वेगळं.

दुकानदाराचा '१२ टक्के' हा आकडाही नीट समजून घ्या. फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३ लाखांवर. बँक ज्या पद्धतीनं उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, त्या पद्धतीनं मोजलं तर हाच दर साधारण २१ टक्के होतो. कुणीही हप्ता सांगितला की पहिला प्रश्न हा विचारायचा : फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

तुम्ही म्हणाल, नव्या सेटला भाडं जास्त मिळेल. मिळेलही. पण हप्ता भरून आज सुटतं तेवढंच घरी न्यायचं, तर दिवसाला ३,८१५ रुपये सुटायला हवेत. मोठ्या सेटला टेम्पो मोठा, पोरं जास्त. खर्च २,००० धरला तर भाडं ५,८०० च्या वर हवं. तेही सगळ्या ७१ दिवसांना, भजनालासुद्धा. तुमच्या भागातलं भजनी मंडळ एवढं देईल असं मला वाटत नाही, आणि तुम्हालाही मनातून वाटत नसावं.

हप्ता दर महिन्याला येतो, तुमचा धंदा तसा येत नाही. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नकार्यं बंद, मध्ये फक्त गणपती-नवरात्र. डाळिंबाचं म्हणाल तर तेल्या किंवा मर आली की तेही वर्ष गेलं. अवकाळी पाऊस बागेलाही मारतो आणि मांडवातला कार्यक्रमही बुडवतो. दोन्ही उत्पन्नांवर एकाच ढगाची सावली आहे. अशा घरानं बारमाही हप्ता घ्यायचा तो फार विचार करून.

आता तुमची वही. ७१ दिवसांतले २७ सप्ताह, भजन, प्रवचनाचे. ११ शाळा आणि सभांचे. २४ लग्न-हळदीचे. ९ गणपती-नवरात्रीचे. म्हणजे ३८ दिवस लोक तुम्हाला पैसे देतात ते शब्द कळावा म्हणून. महाराजांचं निरूपण शेवटच्या ओळीत बसलेल्या आजीला कळलं पाहिजे, पखवाजाची थाप स्वच्छ आली पाहिजे, टाळ कानात टोचता कामा नये. हे सगळं काम टॉपचं. बेसवर तुमचा धंदा चालत नाही, त्यामुळं या वर्षी तरी बेसवर मोठा खर्च नको.

बेसबद्दल मी हात आखडता घेतोय त्याला दुसरंही कारण आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तिथल्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच आवाज चालतो. मोठ्या बेसच्या धंद्यात सामान जप्त व्हायची टांगती तलवार कायम असते, आणि जप्तीच्या काळातही हप्ता थांबत नाही.

मेकॅनिकच्या ५८,००० च्या यादीबद्दल सविस्तर बोलतो, कारण खरा निर्णय तिथं आहे. त्यानं लिहिलंय : बॉक्सला पुट्टी आणि नवं रेक्झिन १४,०००, जास्त वॅटचे चार १५ इंची स्पीकर २६,०००, दोन्ही बेसचं रिकोनिंग (स्पीकरचा पुढचा पडदा म्हणजे कोन, आणि त्यामागची तारेची कॉइल नवी बसवणं) ७,०००, दोन हॉर्नचे डायफ्राम (आतला पातळ पडदा) १,८००, चार क्रॉसओव्हर (खालचा आवाज स्पीकरला आणि वरचा हॉर्नला वाटून देणारा भाग) ३,२००, वायरी आणि जॅक ६,०००. लाकूड आणि कॉइल हा माझा विषय नाही, म्हणून ही यादी घेऊन मी साऊंडचं काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या ग्राहकाच्या गोडाऊनवर गेलो. त्यांनी जे दाखवलं त्यानं माझंही मत बदललं.

त्यांच्याकडं दुरुस्तीला आलेला एक सेट होता. 'बेस येत नाही, स्पीकर बदला' ही तक्रार. त्यांनी घड्याळात घालतात तसला दीड व्होल्टचा सेल घेतला आणि एकेका स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवला. तीन स्पीकरचे कोन बाहेर आले, चौथ्याचा आत गेला. कधीतरी कुणीतरी त्याची वायर उलटी जोडली होती. तीन जण हवा पुढं ढकलतायत आणि एक मागं ओढतोय, मग बेस येणार कुठून? दोन वायरी अदलाबदल केल्या, काम झालं. खर्च शून्य. तुम्ही घरी हे आधी करून बघा, सेलची प्लसची बाजू स्पीकरच्या प्लसला लावून. सेल टेकवून धरायचा नाही, नुसता स्पर्श करायचा. खरखरणाऱ्या बेसचे स्क्रू आधी आवळून बघा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो हळूच सरळ आत दाबा. आतून घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली, रिकोनिंग करा. आवाज आला नाही तर बॉक्सचाच सांधा सुटून हवा फुरफुरत असू शकते.

जास्त वॅटच्या स्पीकरचे २६,००० मी यादीतून सरळ काढतोय. तुमचे चारही १५ इंची स्पीकर चालू आहेत. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फार तर ३ डेसिबलनं वाढतो, आणि तोसुद्धा मशीननं तेवढे वॅट दिले तर. कानाला 'दुप्पट आवाज' वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. तुमची मशीन तीच राहणार आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याच्या मापाचा बॉक्स लागतो : आतली जागा किती, पोर्ट (बॉक्सचं हवेचं भोक) केवढा, यावर बेस ठरतो. हलक्या बॉक्सात भारी स्पीकर बसवला तर कधीकधी आधीपेक्षाही वाईट वाजतो. पैसे मात्र गेलेले असतात.

पुट्टी-रेक्झिनचे १४,००० ही काढा. कुजलेल्या लाकडावर नवं कापड चढवायचे ते पैसे. एमडीएफमध्ये एकदा भोक मोठं झालं की स्क्रू धरत नाही. स्पीकर सैल होतो, हवा गळते, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

पैसे घालायचे ते जे उद्या बाहेर काढून दुसऱ्या बॉक्सात बसवता येईल त्यात, किंवा पाण्याला टिकेल अशा लाकडात. म्हणून माझी यादी अशी. चारही टॉपचे बॉक्स १८ मिलिमीटर प्लायमध्ये नवे करून घ्या, शीटवर आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा मार्क) छापलेलं बघूनच. माप जुन्याच बॉक्सच्या आतलं, पोर्टही त्याच मापाचा, म्हणजे जुना स्पीकर जुन्यासारखाच वाजेल. आतून आडव्या पट्ट्या मारायला सांगा, त्यानं पाठ थरथरत नाही. तीन शीटमध्ये चार टॉप बसतात. शीटचे १२,०००, सुताराचे १०,०००, हँडल, जाळी, रंगाचे ६,०००, असे २८,००० धरा. तुमच्याकडच्या भावानं थोडं इकडंतिकडं होईल.

डायफ्राम दोन नव्हे, चारही बदला : ३,६००. दोन नवे दोन जुने असले की मांडवाच्या एका बाजूला आवाज तीक्ष्ण, दुसऱ्या बाजूला मंद. आणि डायफ्राम क्रॉसओव्हरशिवाय बदलू नका. स्वस्त बॉक्सात क्रॉसओव्हर म्हणजे बऱ्याचदा नुसता एक कपॅसिटर असतो, हॉर्नला नको तो खालचा आवाजही थोडाफार जातो आणि डायफ्राम जळतो. क्रॉसओव्हरचे ३,२०० मेकॅनिकनं बरोबर लिहिलेत. मशीनचा लाल दिवा सतत पेटलेला असेल, म्हणजे झेपेल त्याहून जास्त आवाज चढवलेला असेल, तर मात्र नवाही जळेल, हे तुमच्या पोरांना बजावून सांगा. जॅकच्या जागी स्पीकॉन (फिरवून घट्ट बसणारी जोडणी) आणि जाड वायर, ६,०००. हा खर्च पुढं कुठलाही सेट घेतला तरी वाया जात नाही. खरखरणाऱ्या एका बेसचं रिकोनिंग, लागलंच तर, ३,५००. दुसऱ्याला हात लावू नका. बेसच्या बॉक्सखाली प्लायच्या पट्ट्या ठोकून ते जमिनीपासून दोन बोटं उचला आणि वाजतील तेवढे दिवस वाजवा.

एकूण ४४,३००. आजच्याच भाड्यानं २४ दिवसांत वसूल. नवा सेट व्याज धरून ४,८८,००० ला पडतो. भाडं ५,००० मिळालं आणि ३,००० सुटले तरी १६३ दिवस, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. नवा सेट चांगला नाही असं मी म्हणत नाही. कंपनीची वॉरंटी असते, आवाज सुधारतो, विकायला काढला तर किंमत येते. तुमची वही ११०-१२० दिवस दाखवायला लागली आणि भाडं खरंच वाढलेलं दिसलं, की मला पुन्हा लिहा. तेव्हा मुद्रा योजनेतल्या किशोर गटात, जिथं ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, बँकेकडं घटत्या शिलकीच्या दरानं अर्ज करू.

'नवा घेतला की कर वाचेल' असंही दुकानदार बोलल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमची साऊंडची वर्षाची उलाढालच २,४८,५०० आहे. त्यावर करच लागत नाही, मग वाचणार काय? जीएसटीत तुमची नोंदणी नाही, म्हणजे नव्या सेटवरचा जीएसटीही परत मिळणार नाही.

पैसे कुठून आणायचे? बँकेतल्या ९५,००० मधून आता फक्त लाकूड, डायफ्राम आणि क्रॉसओव्हरचे ३४,८०० काढा. ६०,२०० शिल्लक राहतील, बागेला आणि घराला तेवढे हवेतच. स्पीकॉन, वायर आणि रिकोनिंगचे ९,५०० उधारीतून. ४१,००० गावात पडून आहेत आणि तुम्ही वहिनींचं सोनं काढायला निघालात, हे मला फार लागलं. पाहुण्यांकडं मागायला जीभ रेटत नाही, हे मी जाणतो. पण फुगलेला बॉक्स दाखवून 'दुरुस्तीला लागतात' म्हणून मागितलेल्या पैशाला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. मंडळांना मात्र पुढच्या वर्षीची तारीख देतानाच मागची बाकी आणि निम्मं भाडं आगाऊ घ्या. सोनं कपाटात राहू द्या. ते वहिनींचं आहे, आणि या कामाला त्याची गरजच नाही.

यापुढं सेट बाहेर गेला की त्या रात्री ३०० रुपये वेगळ्या खात्यात. ७१ दिवसांचे २१,३०० होतात. पुढच्या वर्षी बेसचे बॉक्स त्यातूनच होतील. प्रत्येक बॉक्सला ताडपत्रीचं कव्हर शिवून घ्या, गणपतीच्या आधी, नंतर नव्हे.

चारही बॉक्स एकदम करायला टाकू नका. सुताराकडून आधी एकच करून घ्या, जुना स्पीकर, नवा डायफ्राम, नवा क्रॉसओव्हर बसवा आणि एखाद्या संध्याकाळी तुमच्या भजनी मंडळाच्या सरावाला घेऊन जा. शेजारी जुना टॉप टेबलावर ठेवा. एकच अभंग दोन्हीवर ऐका, अगदी मागं उभं राहून, आणि मंडळींनाही विचारा. मग उरलेल्या तिघांचं प्लाय कापायला सांगा.