इव्हेंट कॅमेरा नवीन आहे? आधी एवढंच करा

अभिनंदन! पहिल्याच दिवशी स्क्रीन रिकामी दिसली तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. यात फ्रेम (एका क्षणाचं पूर्ण चित्र) नसतेच, प्रत्येक पिक्सेल फक्त उजेडातला बदल कळवतो; अशा प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे ‘इव्हेंट’. कॅमेरा स्थिर, भिंतही स्थिर, मग दिसणार काय? हळूच हलवा, कडा लगेच उमटतील.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- ट्यूबलाइटखाली चाचणी. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकते आणि नुसता इव्हेंटचा पूर येतो. दिवसा खिडकीपाशी बसा.
- अंधारात संवेदनशीलता एकदम वाढवणं. त्याने नॉइज (खोटे इव्हेंट) वाढतो. आधी लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) उघडा.

डायनॅमिक रेंज (सर्वांत अंधूक ते सर्वांत प्रखर उजेड एकाच वेळी टिपण्याचा आवाका) १२० डेसिबलच्या आसपास असते, त्यामुळे बोगद्याचा अंधार आणि बाहेरचं ऊन एकत्र टिपता येतं. खरंच सुंदर दिसतं ते! बायस सेटिंग्जना (पिक्सेलची संवेदनशीलता वगैरे ठरवणाऱ्या) सध्या हात लावू नका. इव्हेंटपासून चित्र बनवणं नंतर शिकू.