कातळावरचं पाणी धरायचं तर
टाकीचं माप ठरवण्याआधी एका पावसात कातळावर स्वतः उभा राहा. पाणी कुठून घरंगळतं, कुठल्या भेगेत मुरतं, ते नकाशावर कळत नाही. हिशेब सोपा आहे: १,००० चौरस मीटर कातळावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर. मी मात्र त्यातलं पाऊणच धरतो.

कान्हेरीची लेणी बघून ये. खडकात कोरलेल्या पन्हळी पाणी टाक्यांत कशा नेतात, ते तिथं नीट समजतं. आपला बांध बुटका चालेल, पण चुना-सिमेंट लावण्याआधी कातळावरचं शेवाळ खरवडून काढच, नाहीतर खालून गळती लागते. पहिल्या सरींचं पाणी सोडून दे. गुरं वर चढू देऊ नकोस. पोरंबाळं हेच पाणी पिणार आहेत.