धरणे 'देत' नाहीत, धरतात

प्रश्न असा : 'धरणे' आणि 'निदर्शने' यांत फरक काय, आणि ती करणाऱ्यांना त्यातून नेमके काय साधायचे असते?

आधी 'धरणे दिले' लिहिणे थांबवा. ती हिंदीतल्या 'धरना देना'ची नक्कल आहे. मराठीत धरणे धरतात किंवा धरणे धरून बसतात. शब्द नपुंसकलिंगी, एकवचनी : 'धरणे धरले'. 'धरणे धरली' वाचले की पाटबंधारे खाते डोळ्यांपुढे येते. 'निदर्शने' अनेकवचनी; निदर्शन म्हणजे दाखवणे. आपण किती जण आहोत हे चारचौघांना दिसावे, लोकमत फिरावे, ही तिथली अपेक्षा. त्यावर एवढे पुरे.

खरी गंमत धरण्यात. ते मुळात आंदोलकाचे नव्हेच, धनकोचे, म्हणजे कर्ज देणाऱ्याचे! ऋणकोच्या, म्हणजे कर्जदाराच्या, दारात उपाशी बसायचे. बसणारा उपाशी असेतो घरमालकानेही जेवायचे नाही. बसणारा ब्राह्मण असला आणि मेलाच, तर ब्रह्महत्या घरमालकाच्या माथी. मनूने (मनुस्मृती ८.४९) येणे वसूल करण्याचे पाच मार्ग दिलेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यातले 'आचरित' म्हणजे उपाशी राहून दारात बसणे, असे मनुस्मृतीचा टीकाकार मेधातिथी सांगतो. दुसरा टीकाकार कुल्लूक स्मृतिकार बृहस्पतीचा हवाला देऊन त्यात ऋणकोची बायकापोरे आणि गुरे अडवणेही घुसडतो. मग पाचवे 'बल', म्हणजे जबरदस्ती, वेगळे कशाला सांगितले? मेधातिथीचेच बरोबर. पुढे १८६०च्या भारतीय दंडसंहितेत, कलम ५०८खाली, दैवी कोपाची भीती घालून दारात धरणे धरणे हे गुन्ह्याचे उदाहरण म्हणूनच छापले गेले.

म्हणजे धरणे धरणारा काही मागत नाही, येणे वसूल करतो. म्हणून त्याला तीन गोष्टी लागतात : ठरावीक येणे, ते फेडू शकणारा माणूस आणि त्याचे दार. थकलेल्या पगारासाठी सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीपुढे बसणे, हे अस्सल धरणे. ज्याच्या हाती सहीच नाही त्याच्या दारात बसलात तर सहानुभूती मिळेल, पगार नाही. 'न्याय द्या' एवढीच मागणी असेल, तर काय दिले की उठायचे हेच ठरत नाही. आणि पोलिसांनी दोन कोस लांबचे मैदान नेमून दिले की दारच जाते. उरतात ती बसून केलेली निदर्शने, फलकावर काहीही लिहिलेले असो.

आणि हो, 'मोर्चा' इंग्रजी 'मार्च'वरून आलेला नाही. तो फारसी 'मूर्चाल', म्हणजे खंदक, 'मोर्चेबांधणी' त्यातलीच.