सात दिवसांच्या ड्रायव्हिंग कोर्सला पंधरा हजार घालावेत का?

प्रश्न : मी 26 वर्षांची. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी करते. पगार 31,200. शेतीऔषधांच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरची नोकरी पक्की झाली आहे. राधानगरी-भुदरगड भाग मिळेल, पगार सहा हजारांनी वाढेल. दिवाळी झाली की, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी रुजू व्हायचंय. गाडी कंपनी देणार, पण कारचं पक्कं लायसन्स हवं. मी आजवर फक्त मोपेड चालवली आहे, कारच्या स्टिअरिंगला हातही लावलेला नाही. पुण्यात सात दिवसांचा कोर्स आहे, रोज तीन तास, फी 15,000. राहायला आत्या आहे, पण सहा दिवस बिनपगारी रजा पडेल. इथला क्लास 6,500 रुपयांत 21 दिवस, रोज अर्धा तास. माझ्या मैत्रिणीने तो केला, आणि ती आजही गाडी काढत नाही. शिल्लक 75,000 आहे. काय करू?

उत्तर : नोकरीबद्दल आधी अभिनंदन. महिन्याला सहा हजार वाढणार असतील तर ड्रायव्हिंगवरचा खर्च चैनीचा नाही, तो करायलाच हवा. पण पुण्याच्या कोर्सला माझा सल्ला ‘नको’ असा आहे. रक्कम मोठी आहे म्हणून नव्हे. जो वेळ वाचवण्यासाठी तुम्ही जादा पैसे मोजणार आहात, तो वेळ तिथे वाचतच नाही.

मोपेडचं लायसन्स असलं तरी कारसाठी वेगळं लर्निंग लायसन्स काढावं लागतं, आणि ते निघाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. कोर्स सात दिवसांचा असो की 21 दिवसांचा, हा महिना कुणालाच चुकत नाही. तुम्ही लर्निंगचा उल्लेखही केलेला नाही, म्हणजे ते अजून काढलेलं नसावं. समजा, पुढच्या आठवड्यात ते काढून तुम्ही पुण्याला गेलात आणि सात दिवसांत शिकून आलात. त्यानंतर टेस्टपर्यंतचे तीन आठवडे करणार काय? घरी गाडी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. नुकता बसलेला हात तेवढ्या दिवसांत सुटतो. टेस्टच्या आदल्या दिवशी पुन्हा कुणाला तरी पैसे देऊन उजळणी करावी लागेल.

आता हिशेब. पुण्याचा कोर्स 15,000 चा दिसतो, पण तुमच्या पगाराला 26 दिवसांनी भागलं तर दिवसाला 1,200 होतात. सहा दिवसांची रजा म्हणजे 7,200. येणं-जाणं आणि वरखर्च अडीच हजार धरला तर एकूण 24,700. हातात स्टिअरिंग असणार 21 तास, म्हणजे तासाला जवळपास 1,175 रुपये.

इथल्या क्लासमध्ये 6,500 रुपयांत साडेदहा तास मिळतात. तेवढे पुरत नाहीत, हे मी आधीच मान्य करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीसाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास ठरवलेले आहेत. ही सुरुवातीची पायरी आहे, पण बहुतेक जण तिथेच थांबतात. तुमच्या मैत्रिणीचंही तेच झालं असणार. क्लास संपला, लायसन्स आलं आणि गाडीशी संबंध सुटला. म्हणून क्लासला जोडून एकेका तासाचे आठ जादा धडे ठरवा. तासाला पाचशे धरले तर चार हजार होतात. एकूण साडेअठरा तास, खर्च 10,500. पुण्यापेक्षा तास फक्त अडीच कमी, आणि 14,200 रुपये वाचले.

तुमच्या शिल्लकीकडे पाहिलं की हा फरक जास्त जाणवतो. तुम्ही खर्चाचा आकडा दिलेला नाही. महिन्याला वीस हजार धरले, तर नोकरी बदलताना तीन महिन्यांचे साठ हजार बाजूला असलेच पाहिजेत. पहिला पगार उशिरा होतो, जुन्या कंपनीचा हिशेब लांबतो, हे नेहमीचं आहे. पुण्याला गेलात तर 50,300 उरतात, इथे शिकलात तर 64,500. फी क्रेडिट कार्डवर टाकायचा विचार असेल तर तो सोडाच. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं.

सलग तासांत शिकणं पक्कं होतं का, याचंही उत्तर आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी एक तुलना केली होती, ती 1978 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण कमी तास लागले, रोज चार तास शिकणाऱ्यांना बरेच जास्त. गंमत म्हणजे रोज एक तासवालेच सर्वांत नाराज होते, कारण त्यांचे दिवस जास्त जात होते. कीबोर्ड आणि क्लच एक नव्हेत, पण हातापायांना सवय लावण्याचं काम दोन्हीकडे आहे. अर्ध्या तासाने काहीच होत नाही असं तुम्हालाही दहाव्या दिवशी वाटेल. तेव्हा क्लास सोडू नका.

चढावर गाडी सोडण्याचंच घ्या. वाघबीळकडून पन्हाळ्याला चढताना पुढची एसटी थांबली, मागे दुसरी गाडी चिकटली. हँडब्रेक ओढलेला, डावा पाय क्लचवरून अगदी सावकाश वर येतोय, इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, आणि नेमक्या त्या क्षणी हँडब्रेक सोडायचा. पहिल्या दिवशी गाडी बंद पडते, दुसऱ्या दिवशी हिसका देते, मध्ये रात्रीची झोप होते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पाय आपोआप थांबतो. तिसऱ्या तासाला थकलेल्या पायाला हे शिकवता येत नाही.

दुसरी काळजी रस्त्याची. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा उसाचा गळीत हंगाम सुरू होत असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही, रस्ता अरुंद आणि वेळ तिन्हीसांजेची. तुमचं रोजचं काम या रस्त्यांवर आहे, आणि पुण्याच्या सिग्नलवर कितीही शिकलात तरी ट्रॅक्टरला ओव्हरटेक कधी करायचं नाही हे तिथे कळणार नाही. जादा धड्यांपैकी निम्मे राधानगरी आणि गारगोटी रस्त्यावर घ्या, त्यातले दोन अंधार पडल्यावर. हे क्लासवाल्यांना पैसे भरण्याआधीच सांगा.

पैसे भरण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक-क्लच आहे का, आणि तुमच्या अर्ध्या तासात मागच्या सीटवर दुसरे शिकाऊ बसवून वेळ वाटला जातो का. पावती घ्या.

ओळखीत कुणाची गाडी असेल तर रविवारी सराव करता येईल, पण क्लासचे दोन आठवडे झाल्यावरच. लर्निंगवर चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, पुढे-मागे लाल ‘एल’ हवा, आणि गाडीचा विमा चालू हवा. यातलं एखादंही नसताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. गाडीला ओरखडा किरकोळ असेल तर खिशातून भरा. क्लेम केला की गाडीमालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट जाते, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत पोचलेली असते.

असे सलग कोर्स काही जणांना उपयोगी पडतात, हेही सांगतो. पूर्वी गाडी शिकून सोडलेला माणूस, किंवा लर्निंगचा महिना उलटलेला, टेस्टची तारीख हातात असलेला आणि फक्त सफाई हवी असलेला. तुम्ही यातल्या कुठल्याच गटात बसत नाही.

म्हणून आज लर्निंगचा अर्ज भरा. तो परिवहनच्या वेबसाइटवर आधारवरून घरबसल्या होतो, सरकारी फी दोनशे रुपयांच्या आसपास आहे. 30 दिवस लर्निंग निघाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, क्लासच्या पहिल्या दिवसापासून नाही. लर्निंग हाती आलं की लगेच क्लास सुरू करा, आणि टेस्टची तारीख मिळाली की जादा धड्यांपैकी तीन त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. नव्या कंपनीला मात्र एक प्रश्न आजच विचारा : त्यांच्या गाडीला काही झालं तर दुरुस्तीचा खर्च पगारातून कापणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, नेमणूकपत्रात लिहून घ्या.