रोहिंग्या छावण्यांसाठी मदत करणार असशील तर

जुने कपडे गोळा करून पाठवायची तुझी कल्पना मनापासूनची आहे, पण ती सोड. या छावण्या जिथे आहेत त्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारपर्यंत गठ्ठे पोचवायचं भाडं, जकात, गोदाम, निवडानिवड यातच पैसे संपतात. लुंगी, बांबू, ताडपत्री तिथल्या बाजारात मिळते. पैसेच दे, आणि थोडे का होईना, दर महिन्याला दे.

दर महिन्याला का, ते सांगतो. 2017 च्या ऑगस्टनंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्य मुसलमान, जीव घेऊन तिकडे पळाले. तेव्हा जगभरातून मदत आली. मग बातम्या थांबल्या, निधी आटला. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला शिध्याची मदत माणशी महिना 12 डॉलरवरून आधी 10 आणि मग 8 डॉलरवर आणावी लागली. आठ डॉलरमध्ये महिनाभराचं जेवण! पुढच्या वर्षी ती वाढली, पण मधल्या महिन्यांतल्या पोरांच्या भुकेचं काय?

दुसरं, ‘माझे पैसे फक्त शाळेसाठीच’ अशी अट घालू नकोस. सुरुवातीला तिथे सरपणासाठी जंगल तुटलं, टेकड्या उघड्या पडल्या, पावसाळ्यात दरडींचा धोका वाढला. घरोघरी गॅस सिलिंडर दिल्यावर झाडं वाचली आणि लाकूडफाट्यासाठी बायकापोरांची वणवण कमी झाली. सिलिंडरसाठी आपणहून कोण देणगी देतं?

आणि संस्थेकडे मुलांचे फोटो मागू नकोस. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षणाचे आकडे माग, ते नीट वाच.