तिबेटी निर्वासित मुलांच्या शाळेत दात तपासणीचं शिबिर घ्यायचंय, काय तयारी लागेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या निम्म्या पोरांच्या दाढा किडलेल्या दिसतात, पालकांना काही पडलेलं नाही, म्हणून तुमचा ग्रुप एक दिवसाचं शिबिर घेणार आहे, तर डॉक्टर कुठून मिळतील आणि खर्च किती येईल. खर्चाचं सांगते, पण आधी ते पालकांचं वाक्य. तेच वाक्य मी बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर, झाल्या झाल्या एका शिबिरात ऐकलं होतं आणि तेव्हा गप्प बसले होते, म्हणून आज एवढं लांबलचक लिहितेय.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ ची. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया १९९९ ला वेगळा झाला, पण जुनी माणसं अजून भंडाऱ्याची वसाहतच म्हणतात. इटियाडोह धरण जवळ, आजूबाजूला सगळं धान. एका संस्थेने तिथल्या मुलांसाठी शिबिर ठेवलं होतं आणि आमच्या एका सरांनी मला नागपूरहून सोबत नेलं. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टॉर्च, आरसे, प्रोब, उकळायला स्टोव्ह, आणि दात काढायचं सामान. भरायचं सामान नावापुरतं. संध्याकाळी संस्थेला रिपोर्ट द्यायचा होता: किती मुलं तपासली, किती दात काढले, किती ब्रश वाटले.

चौथीतली एक मुलगी माझ्या खुर्चीत बसली. खालची उजवी दाढ, मोठा खड्डा. पण गाल सुजलेला नाही, पू नाही, रात्री झोप लागते, फक्त गार पाणी लागतं. मी सरांना म्हटलं आत्ता सिमेंट भरू, पुढचं नागपूरला कॉलेजमध्ये बोलावून करू, वाचेल ही दाढ. सर म्हणाले, "फॉलोअपला आणणार कोण? ह्यांचे आईबाप तर इथे नसतातच, पोरांचं काही पडलेलंच नाही त्यांना. काढून टाक." मी हिरडी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि काढली. पोरीने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता, आवाज केला नाही.

थोड्या वेळाने तिची आजी आली, तिथे आजीला मोमोला म्हणतात. कापसात गुंडाळलेली दाढ तिने उघडून बघितली आणि मला हिंदीत विचारलं, "बेटा, नया कब आएगा?"

तिला वाटलं दुधाचा दात आहे. सर मागून म्हणाले, आएगा आएगा, आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी काहीच बोलले नाही. ती दाढ परत येणार नव्हती.

ही गोष्ट इथे लिहायचं कारण असं की पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि तिला जागा द्यायला दुधाचा एकही दात पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे मोकळ्या हिरडीतून गुपचूप वर येते. त्यामुळे घरातल्यांना ती दुधाचीच वाटते आणि कीड दिसली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ह्यात निर्वासित असण्याचा काही संबंध नाही, माझी पुण्यातली इंजिनियर वहिनीसुद्धा हेच समजत होती, फरक एवढाच की तिच्या मुलाच्या शाळेपासून चार मिनिटांवर दातांचा डॉक्टर होता.

तर त्या डिसेंबरमध्ये मी नागपुरात तिबेटी लोकांच्या स्वेटर मार्केटला गेले. मोमोलाने सांगितलं होतं की तिची मुलगी, म्हणजे त्या पोरीची आई, तिथे बसते. दोन-तीन दुकानांत विचारल्यावर सापडली. मी कोण ते सांगितलं, दाढ मी काढली हेही सांगितलं. ती रागावेल अशी तयारी करून गेले होते, तिने मला स्टूल दिलं आणि चहा मागवला. मग बोलायला लागली. माल लुधियानाहून उधारीवर येतो, ऑक्टोबरात दुकान लागतं, थंडी संपेपर्यंत उठता येत नाही, वर्षाची कमाई ह्याच चार महिन्यांत. पोरगी शाळेमुळे आजीकडे. रोज रात्री आठला फोन, आणि फोनवर रोज विचारायची, दात घासले का. पेस्टपण तिनेच पाठवलेली, पण बिनफ्लोराइडची, म्हणजे किडीपासून वाचवणारा घटकच नसलेली, कारण दुकानदाराने मुलांसाठी हीच चांगली म्हणून दिली. आणि आई नाही म्हणून पोरगी रडू नये यासाठी रोजचे दहा रुपये आजीकडे ठेवलेले, त्याची टॉफी-बिस्किटं. "इतना दूर बैठके और क्या दूँ उसको," असं म्हणाली.

ही बाई निष्काळजी? हिला काही पडलेलं नाही? तेव्हापासून कोणी "पालक लक्ष देत नाहीत" म्हटलं की मला ते स्टूल आठवतं. आणि हे एका वसाहतीचं नाही, बायलाकुप्पे म्हणा, मैनपाट म्हणा, हिवाळ्यात स्वेटर विकायला घर सोडणं सगळीकडचे तिबेटी करतात, आणि पोरांच्या नव्या दाढा ज्या वयात येतात नेमक्या त्या वयात रात्री ब्रश हातात देणारं माणूस शेकडो किलोमीटर लांब असतं.

खाणंही बदललंय. मोमोलाच्या पिढीचं लहानपण मीठ-लोण्याच्या चहावर आणि त्साम्पावर गेलं, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, साखर क्वचित. आता साखरेचा दुधाचा चहा, त्यात बुडवून बिस्किट, मधल्या सुट्टीत टॉफी. साखर आली की तोंडातले जंतू तिचं ॲसिड करतात, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कॅल्शियम सुटायला लागतं, आणि लाळेला ते परत जागेवर आणायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून दहा रुपयांचा खाऊ एकदाच जेवणासोबत खाल्ला तर एवढं बिघडत नाही, तोच दिवसभर पाच वेळा थोडा थोडा खाल्ला तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. गोड बंद करा म्हणून भाषण देऊ नका. आई नसलेल्या घरात त्याचा अर्थ वेगळा असतो.

आता तुमचं शिबिर. स्पष्टच सांगते, एका दिवसाचं शिबिर घेऊ नका. त्याच पैशात शाळेतच रोज दुपारच्या जेवणानंतर ब्रश करायची सवय बसवा, शिक्षक समोर उभे, आणि रात्रीचं आजीला समजावून सांगा. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, वाटाण्याएवढी, थुंकायची पण नंतर पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड सगळं वाहून जातं. साठ मुलं दिवसातून दोनदा घासतील तर वाटाण्याएवढ्याच्या हिशोबाने १०० ग्रॅमच्या नऊ-दहा ट्यूबा महिन्याला लागतात. बस एवढाच खर्च, वर तीन महिन्यांनी नवे ब्रश. मंडप, बॅनर आणि जेवणावळीत याच्यापेक्षा जास्त जातात.

डॉक्टर आणायचाच तर असा आणा जो काढण्याऐवजी भरायला येईल. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत ८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, नेमकी अशाच वीज-मशीन नसलेल्या जागांसाठी. ना ड्रिल, ना लाईट, बहुतेक वेळा सुईसुद्धा लागत नाही. दुसरं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्क्यांचं, खड्ड्यात एक थेंब ब्रशने लावायचा, वर्षातून दोनदा, कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. २०२१ पासून ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्या दिवशी आमच्याकडे ह्यातलं काहीही धड असतं तर ती दाढ आज तोंडात असती.

सर अजूनही भेटले की म्हणतात नवव्या वर्षी ती दाढ काढली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा भरून निघते, तू उगाच मनाला लावून घेतेस. बरोबर आहे, पुस्तकात आहे ते. पण त्यासाठी आधी एक्स-रे काढून मागच्या दाढेची मुळं कितपत बनलीत ते बघावं लागतं, आणि वरच्या जबड्यात हे जेवढं सरळ जमतं तेवढं खालच्यात जमत नाही, दाढ तिरकी होऊन झुकते, मध्ये फट राहते. आमच्याकडे एक्स-रे मशीनच नव्हतं. त्यांनी काही बघून ठरवलं नव्हतं, रिपोर्टमधला आकडा वाढवायचा होता. ती मुलगी दहावीला असताना माझ्याकडे आली होती, खालची मागची दाढ तिरकीच आलीय, घास अडकतो.

काही गोष्टी राहिल्या. सिल्व्हरने डाग कायमचा काळा होतो, आजीला आणि मुलाला आधी सांगा, नाहीतर डॉक्टरने दात जाळला अशी बोंब होते आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. गाल सुजलाय, ताप आहे, रात्रभर ठणकतंय अशा मुलाला सिमेंट आणि सिल्व्हर दोन्ही चालत नाही, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि तिथे दात काढायला सांगितला तर काढावाच लागतो, सगळेच दात वाचतात असं माझं म्हणणं नाही. पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड आधी तपासून घ्या, आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे विहिरी-बोअरच्या पाण्यातच जास्त असतं आणि दातांवर डाग पडतात, तशा गावात लहान मुलांच्या पेस्टचं डॉक्टरला विचारून ठरवा. आणि शाळेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं का ते तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे विचारा, त्यांच्या तपासणीत दातांची कीड येते. निर्वासित म्हणून नाही म्हणाले तर केंद्राचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण दाखवा, योजनांचा लाभ ह्या लोकांनाही द्यावा असं त्यात राज्यांना सांगितलंय.

तारीख ठरवताना नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, तेव्हा घरात आजी-आजोबाच असतात. लोसारला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये आईवडील दुकानं आवरून परत येतात. त्यानंतरच्या आठवड्यात जा, आणि मुलाची दाढ आईला आरशात दाखवून सांगा की ही कायमची आहे.