पत्त्याचा फॉर्म करतोयस, तर आधी हे बघ

पिनकोडच्या रकान्याला ‘सहा आकडेच’ अशी अट घातली आहेस, ती आधी काढ. आपला पिन १९७२ पासून सहा आकडी आहे, पण लंडनच्या कोडमध्ये अक्षरंही असतात, मधे मोकळी जागाही. दुबईत, हाँगकाँगमध्ये तर पोस्टकोडच नाही. तिथल्या माणसावर सक्ती केलीस तर तो शून्यं भरून मोकळा होतो आणि तुझा डेटा बिघडतो.

कोड कायम मजकूर म्हणून साठव. बोस्टनचा ०२१०८ मी एकदा संख्या म्हणून साठवला. पुढचं शून्य गळलं, लेबलवर २१०८ छापलं गेलं. पार्सल परत आलं तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं होतं.

राज्याचं तसंच, सिंगापूरला राज्यंच नाहीत. म्हणून देश सगळ्यात आधी विचार आणि त्याप्रमाणे बाकीचे रकाने दाखव.

जपानी पत्ता प्रांतापासून घरापर्यंत उतरत येतो, जर्मनीत घर क्रमांक रस्त्याच्या नावानंतर लिहितात. त्यामुळे घर आणि रस्ता असे तुकडे पाडू नकोस, दोन-तीन मोकळ्या ओळी दे. आपलं ‘मारुती मंदिरामागे’सुद्धा त्यातच नीट बसतं.

आणि मोबाइलच्या रकान्यातली दहा आकड्यांची अटही आजच काढून टाक.